काळ्या धाग्याचा वेल

राखीचं लग्न झालं २०२२ च्या वैशाखात. सासरी जायच्या वेळी तिच्या दादीनं, जमनीनं, काटवलाचे, म्हणजे करटोलीचे, अकरा कंद ओल्या फडक्यात बांधून तिच्या ओटीत घातले. वरातीतली पोरं हसली. एक म्हणाला, "बुढीनं राताळे देल्ले वाटते." जमनीनं तिकडे लक्ष दिलं नाही. फडक्याची गाठ घट्ट आहे ना, एवढं तिनं दोनदा चाचपून पाहिलं.

ही तिच्या माहेरची रीत. तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, तिला असेच कंद दिले होते. पुढं जमनीनं आपल्या दोन्ही लेकींना दिले. परक्या घरी गेलेल्या पोरीची पावसाळ्यात एक तरी भाजी स्वतःची असावी, ती तोडताना कोणाला विचारायची पाळी येऊ नये, एवढाच त्यातला हिशोब. कंद एकदा जमिनीत गेला की उन्हाळाभर झोपतो आणि मृगात आपसूक डोकं वर काढतो. त्याला कोणाची मर्जी लागत नाही.

रीतीला एक अट होती. कंद फळाच्या वेलाचेच द्यायचे. काटवलाचे वेल दोन जातीचे असतात. एकाच्या फुलाखाली बारीक काटेरी गाठ दिसते, तिचंच पुढं फळ होतं. दुसऱ्याला नुसती पिवळी फुलं येतात आणि गळून जातात. तो नर. तांड्यातली माणसं त्याला वांझ म्हणत आणि दिसला की उपटून टाकत. असला वेल नवरीच्या ओटीत कोण घालेल?

जमनी मात्र नर उपटत नसे. पुसदच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा तांडा. घरामागं दहा-बारा हात रुंदीच्या तुकड्यात तिनं बोरीच्या काट्यांवर वेल चढवले होते. त्यात तीन नर होते. तिला ठाऊक होतं की नराच्या फुलातली पिवळी भुकटी मादीच्या फुलाला लागल्याशिवाय फळ धरत नाही. दिवेलागणीला फुलं उमलली की दिव्यावर झेपावणारी पाखरं ते काम करत. पण पाखरू कोणत्या नराकडून आलं हे पाखरालाच माहीत. जमनीला ते माहीत करून घ्यायचं होतं.

तिला हवं होतं मऊ काट्याचं काटवल, दोन दिवस उशिरा तोडलं तरी ज्याची बी दाताखाली टणक लागणार नाही असं. चांगली मादी ओळखणं सोपं आहे, तिचं फळ चिरून खाल्लं की कळतं. नराला फळ नाही. त्याची पारख कशी करायची? ती तिनं त्याच्या लेकींवरून, म्हणजे त्याच्या बीतून आलेल्या माद्यांवरून, करायची ठरवली. मादीची उमलायला आलेली कळी ती दुपारीच फडक्यानं बांधून ठेवायची. संध्याकाळी फडकं सोडून एका नराचं फूल हातानं तिला लावायची, पुन्हा बांधायची आणि देठाला धागा गुंडाळायची. पहिल्या नराचा तांबडा धागा, दुसऱ्याचा पांढरा, तिसऱ्याचा काळा. ते फळ पिकू द्यायचं, बी वेगळी पेरायची. दहा पेरल्या तर तीन-चार उगवत, त्यातले निम्मे नर निघत, आणि उरलेल्यांना फळ यायला दोन पावसाळे लागत. असे सहा-सात पावसाळे गेले.

तिचा नवरा भीमसिंग बाजेवर बसून हे पाहायचा.

"ज्याले फळ नाही त्याची केवढी सेवा! माह्यी तं अशी कधी केली नाही."

"तुमाले लागलीत ना चार फळं," जमनी वळून न पाहता म्हणायची. "आता गप बसा."

तांबडा धागावाला नर दिसायला दांडगा. पानं हाताएवढी, फुलं आषाढ लागताच. त्याच्या लेकींची काटवलं मोठी निघाली, पण काटे राठ आणि बी लवकर टणक. पांढऱ्याच्या लेकी फळाला कंजूष. काळ्या धाग्याचा वेल किरटा होता. पानं बारीक, चढायला आळशी, आणि फुलायला लागायचा तो सगळ्यांच्या मागून. दुसऱ्या कोणी कधीच उपटून फेकला असता. पण त्याच्याच लेकींची काटवलं अशी झाली की दातपडका भीमसिंग बियांसकट चावून खायचा. शिवाय तो उशिरा सुरू व्हायचा म्हणून भाद्रपद सरेपर्यंत फुलत राहायचा. तांबड्याची फुलं तोवर कधीच सरलेली असत.

राखीच्या लग्नाच्या वेळी हे सगळं जमनीच्या ध्यानात आलं होतं. तिचा पुढचा बेत ठरला होता. तांबड्याच्या मोठ्या फळाच्या लेकीला काळ्याचं फूल लावायचं. मोठंही आणि मऊही असं काटवल त्यातून निघेल, आणि ते डोळ्यांनी पाहून मग काय व्हायचं ते होऊ दे, असं ती म्हणायची.

दुसऱ्या वर्षी अधिक श्रावण आला. निज श्रावणातल्या पुनवेला राखीचा फोन आला. सुनेनं, म्हणजे राखीच्या आईनं बबितानं, आधी सगळं बोलून घेतलं आणि मग फोन जमनीच्या कानाला लावला.

"दादी, कंदाले फुलं लय येतात व. खाली काटवल बी दिसते, वाटाण्याएवढं. मंग पिवळं पडते अन् गळून जाते."

"मागच्या साली?"

"मागच्या सालीबी असंच झालतं. नवी होती म्हून सांगतलं नाही."

"पाणी साचते का बुडात?"

"नाही. वरंब्यावर लावले मी."

"तुह्या वावरापासून जंगल केवढ्याक दूर हाये?"

"जंगल? ढाणकीकडे कुठचं जंगल, दादी! जिकडे पाह्यलं तिकडे सोयाबीन अन् हळद."

"बांधावर झुडपं असतीन."

"बांध कोणं ठेवले? ट्रॅक्टर फिरते सगळ्यातून."

तेव्हा जमनीच्या ध्यानात आलं. तिची याडी, ती स्वतः, तिच्या लेकी, सगळ्या डोंगराच्या कडेनं दिलेल्या. प्रत्येकीच्या घरामागं नाला, नाल्यात झुडूप, झुडपात कुठंतरी जंगली काटवलाचा नर. फळाचेच कंद दिले तरी फळ धरायचं, कारण उरलेलं काम जंगल फुकटात करून द्यायचं. तीन पिढ्या कोणाला कळलंच नाही की रीत अर्धी आहे. आणि फुलं हातानं लावणाऱ्या जमनीच्याही डोक्यात आलं नाही. बाप काय, कुठंही असतोच, असं ती धरून चालली होती.

"काय म्हणून राह्यले घरचे?" तिनं विचारलं.

"सासरे म्हणतात, पोळा झाला की मोडून टाका, मेथी लावू. सासू म्हणते, तुह्या दादीनं फुलंच पाठवली, देवाले वाहायले बरी हायेत." राखीचा आवाज बारीक झाला. "अन् चुलतजाऊ हसते. म्हणते, माहेराहून वांझ कंद आणले हिनं. सगळ्यांसमोर म्हणते."

राखीच्या लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. पाळणा अजून हलला नव्हता. चुलतजाऊ कंदांबद्दलच बोलत होती असं कोण म्हणेल?

पोळ्याला पंधरा दिवस होते. काटवल धरल्यापासून तोडायला बारा-तेरा दिवस लागतात. जमनीनं बोटांवर मोजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती डबा घेऊन वेलाखाली बसली. काळ्या धाग्याच्या नरावरच्या टपोऱ्या कळ्या तिनं देठासकट खुडल्या, ओल्या कापडाच्या घडीत एकेक रांगेनं ठेवल्या. चाळीस झाल्या. अर्ध्या त्याच संध्याकाळी उमलणाऱ्या, अर्ध्या दुसऱ्या दिवशीच्या.

"कोण्याबी वेलाची ने ना," भीमसिंग म्हणाला. "फूल ते फूल."

"दुसऱ्या दोघांची सरली कव्हाचीच."

"माह्यासाठी उभ्या जन्मात एक फूल नाही आणलं. अन् आता डबाभर घेऊन चालली, एसटीनं!"

"तुमच्या डोक्यावर पागोटं हाये. फूल कुठं खोसू?"

पुसदहून उमरखेड, तिथून ढाणकी. गाडीत तिनं डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. राखीच्या घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. राखीची सासू सक्री अंगणात तूर निवडत होती. तिनं पाट दिला, पाणी दिलं आणि मग डब्याकडे पाहिलं.

"विहीणबाई, डब्यात काय आणलं? गोडधोड दिसते."

"जावई आणले," जमनी म्हणाली. "चाळीस."

सक्री पदर तोंडाला लावून हसायला लागली. "एक सांभाळता सांभाळता जीव जाते, अन् तुमी चाळीस आणले?"

"तुमच्या वावरात अकरा नवऱ्या दोन सालांपासून बसून हायेत. त्याहिचं लग्न लावून देतो. मंग मोडायचं असलं तं मोडा."

राखीचा सासरा हिरासिंग दारात उभा होता. तो ऐकून आत गेला.

दिवेलागणीला तिघी वेलांपाशी गेल्या. वेल उत्तम होते, राखीनं निगा राखली होती. पिवळी फुलं एकेक करून उघडत होती. डब्यातल्या कळ्याही उघडल्या होत्या. जमनीनं एक नर फूल घेतलं, त्याच्या पाकळ्या मागं मुरडल्या आणि मादीच्या फुलाच्या मध्यावर अलगद टेकवलं.

"एवढंच?" राखी म्हणाली.

"एवढंच. एका फुलानं आठ-दहा होतात. रगडू नको, टेकव."

राखीनं चार लावली. मग जमनीनं एक फूल सक्रीपुढं धरलं. "तुमीबी लावा."

"मी? मले कायले?"

"लग्न तुमच्या घरी हाये. अक्षत टाकणार नाही?"

सक्री इकडेतिकडे पाहून वाकली. तिचा हात जरा जडच पडला. दुसऱ्या फुलाला जमनीनं सक्रीचं मनगट धरून दाखवलं. दोन संध्याकाळी मिळून सव्वीस फुलांना हात लागला. प्रत्येकाच्या देठाला जमनीनं काळा धागा बांधला. सक्रीनं विचारलं, "नजर लागू नये म्हून का?" जमनी म्हणाली, "बापाचं नाव ध्यानात राह्यते."

तिसऱ्या दिवशी ती परत आली. चार दिवसांनी फोन आला. वाटाण्याएवढी गाठ पिवळी न पडता बोराएवढी झाली होती, देठ वाकला होता. सक्रीनं लावलेलं पहिलं फूल गळलं, दुसरं धरलं. सव्वीसातली एकोणीस टिकली. पोळ्याच्या दिवशी सक्रीनं स्वतः चिरून, हळद-तिखट लावून तव्यावर परतली. चुलतजावेच्या घरी वाटीभर पाठवायचं काम तिनं राखीलाच सांगितलं. हिरासिंग जेवला, हात धुतला. मेथी त्यानं विहिरीकडच्या तुकड्यात टाकली.

इतकं झाल्यावर गोष्ट निपटली असं कोणालाही वाटलं असतं. पण दर पावसाळ्यात डबा घेऊन कोण जाणार? दिवाळीनंतर सक्रीचाच फोन आला.

"विहीणबाई, जावई पाठवा. पण डब्यातले नको. राहायले येणारा पाठवा, घरजावई."

"पाठवतो," जमनी म्हणाली आणि फोन ठेवून वाळलेल्या वेलांपाशी गेली.

बबिता म्हणाली, "तांबड्या धाग्याचा द्या ना याडी. त्याचे कंद तं तीन-चार झाले."

"तो आषाढात फुलते. राखीच्या काळ्या जमिनीत वेल उशिरा निघते, श्रावण अर्धा झाल्यावर फुलं येतात तिच्याकडे. तोवर ह्या दांडग्याची फुलं सरून जातीन. नवऱ्या मांडवात अन् नवरदेव घरी झोपला, असं होईन."

"मंग काळ्या धाग्याचा?"

काळ्या धाग्याचा कंद एकच होता.

माघात, कंद गाढ झोपलेले असताना, जमनीनं खुरप्यानं माती सारून तो उघडा केला. मुठीएवढा, सुरकुतलेला. तिनं बोटानं सगळीकडून चाचपला. दोन डोळे असते तर मधून कापून, कापाला राख लावून दोन केले असते. डोळा एकच निघाला. तिनं पुन्हा चाचपला. एकच.

हा दिला की तिच्या घरामागं तांबडा आणि पांढरा उरणार. मोठं आणि मऊ काटवल काढायचा बेत जिथल्या तिथं थांबणार. आधीच्या पावसाळ्यात तिनं तांबड्याच्या लेकीला काळ्याचं फूल लावलं होतं खरं. त्या फळातून सात बिया मिळाल्या होत्या, मडक्यात राखेत ठेवलेल्या. पण बी ते बी. किती उगवतील, त्यात नर किती, मादी किती, आणि फळ यायला दोन पावसाळे. चूक निघाली तर पुन्हा लावायला बाप नाही. आणि हा ठेवला तर राखीच्या अकरा वेलांना अजून दोन-तीन वर्षं नुसती फुलं. तिथं लोक फुलांकडे बघून काय बोलतात ते तिला माहीत होतं.

भीमसिंगनं बाजेवरून विचारलं, "काय ठरलं?"

"जाईन हा."

"सात वर्षं केलं तू त्याचं."

"म्हून तं जाईन. न पारखलेला पोरीच्या घरी कसा पाठवू?"

अडलं ते दुसरीकडेच. फडकं आणायला सांगितलं तेव्हा बबिता जागची हलली नाही. तिचे डोळे भरले होते.

"याडी, राग नका येऊ देऊ. पण हा वांझ वेल हाये. माह्या पोरीच्या ओटीत नका घालू. आधीच तिकडे..."

जमनीनं तिला सांगून पाहिलं की हा वांझ नाही, ह्याच्याचमुळं बाकीच्यांना फळ धरतं, तू स्वतः त्याच्या लेकींची भाजी खाल्लीस. बबिताला ते पटत होतं आणि तरी भीती जात नव्हती. पोरीची आई होती ती. जमनीनं मग जोर केला नाही.

भीमसिंग उठला. जवळ येऊन त्यानं डोक्यावरचं पागोटं उतरवलं आणि शेमला तिच्यापुढं पसरला.

"ओटी बायांची. नर हाये ना हा? मंग त्याले ओटीत कायले घालता? आण इकडे. पागोट्यात बांधून नेतो. माणसाच्या डोक्यावर बसून जाईन, मान बी राह्यते त्याचा."

बबिता रडता रडता हसली. "बापू, लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन, बुढ्याच्या डोक्यात काटवल उगवलं."

जमनीनं शेमल्याच्या टोकाला कंद ठेवला, वर मूठभर ओलसर माती, आणि गाठ मारली. भीमसिंगनं पागोटं पुन्हा बांधलं. एका अंगाला टेंगूळ आल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तो तसाच एसटीत बसला. परत आला तेव्हा डोकं हलकं होतं. सक्रीनं पागोट्यासकट त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, असं त्यानं सांगितलं.

कंद राखीच्या अकरा वेलांच्या मधोमध गेला. मृग गेला, बाकीचे निघाले, हा निघेना. राखी रोज माती उकरून बघते म्हणाली तेव्हा जमनीनं फोनवर तिला झापलं. "उकरू नको व! तो आळशीच हाये. निघते."

आषाढाच्या शेवटी तो निघाला. श्रावणात माद्यांना फुलं आली, आठ दिवस वाटाण्याएवढ्या गाठी पिवळ्या पडून गळत राहिल्या, आणि मग एका संध्याकाळी राखीनं धापा टाकत सांगितलं, "दादी, त्याले तीन फुलं आली." त्यानंतर तिला हात लावायची गरज पडली नाही. पाखरं येत होती.

इकडे जमनीनं सात बिया पेरल्या. दोन उगवल्या. काठीवर हातभर चढल्या, पण त्या साली फुलल्या नाहीत, त्यामुळं नर की मादी हे कळायला मार्ग नव्हता. दोघींनाही तिनं वेगळी माती लावली.

श्रावण सरता सरता तिला ताप भरला. पुसदच्या डॉक्टरनं सलाईन लावलं, दोन दिवस उतरला, पुन्हा चढला. पोळ्याला राखी आली. येताना तिनं पिशवीभर काटवलं आणली. जमनीनं उठून बसून एक हातात घेतलं, अंगठ्यानं काटे दाबून पाहिले, बबिताला चिरायला सांगितलं. आतली बी तिनं दातानं चावली. मग म्हणाली की मीठ जरा कमी टाकजो, राखीची सासू जास्त टाकत असेल.

दोन घास खाल्ले. जमनी शुक्रवारी, ६ सप्टेंबर २०२४ रोजी, गणपतीच्या आदल्या दिवशी, सकाळी वारली.